‘मृतात्म्यास शांती लाभो’ चूक आहे का?

प्रश्न असा आहे: आत्मा मरत नाही असं गीता सांगते, मग श्रद्धांजलीच्या फलकावर ‘मृतात्म्यास शांती लाभो’ कसं चालतं? आणि हे वाक्य कोणाच्याही निधनावर लिहावं का?

पहिली शंका लगेच मिटते. ‘मेलेला आत्मा’ असा विग्रह केला तर घोटाळा होणारच. ‘मृताचा आत्मा’ असा षष्ठी तत्पुरुष धरा, मग गीतेचीही हरकत नाही. शिवाय संस्कृतात ‘आत्मन्’ म्हणजे नुसतं ‘स्वतः’ असंही होतं. ‘आत्मचरित्र’ त्यातूनच आलं. गीतेतलं ‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ (शरीर मारलं तरी तो मारला जात नाही) सगळीकडे लावत बसलो तर ‘आत्महत्या’ हा शब्दही बाद करावा लागेल!

खरं तर बोलताना आपण आत्म्याच्या वाटेला फारसे जातच नाही. ते खातं ‘जीव’ सांभाळतो. तो लागतो, तुटतो, टांगणीला लागतो, भांड्यात पडतो आणि शेवटी जातो. दहाव्याला घाटावर पिंड मांडलेले असतात, कावळा काही शिवत नाही. कोणीतरी हळूच म्हणतं, ‘धाकटीत जीव अडकलाय.’ मग थोरला हात जोडून मोठ्यानं सांगतो, ‘आबा, तिचं लग्न आम्ही लावून देऊ.’ भटजींच्या पोथीत तिथे तिसराच शब्द असतो: ‘प्रेत’. आपल्या बोलण्यात प्रेत म्हणजे मढं, पण विधीत प्रेत म्हणजे देह सुटलेला, अजून पितरांत न मिसळलेला. सपिंडीकरण, म्हणजे त्याचा पिंड पितरांच्या पिंडांत मिसळण्याचा विधी, झालं की त्याचा पितर होतो.

जैनांकडे तर ‘जीव’ हीच शास्त्रातली संज्ञा आहे, आणि तो माती-पाण्यातही मानलेला आहे. मराठी बायबलातही सारं जग मिळवून माणूस गमावतो तो ‘जीव’. ‘आत्मा’ हा शब्द ‘पवित्र आत्मा’सारख्या ठिकाणी येतो. गोव्यातल्या जुन्या कोंकणी प्रार्थनेत त्यालाच ‘स्पिरित सांत’ म्हणत.

आता दुसरा भाग, आणि इथे मात्र जपायला हवं. बौद्ध विचार अनात्मवादी आहे, म्हणजे कायम टिकणारा आत्मा तो मानत नाही. 1956 साली नागपूरला घेतलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. अशा घरी ‘आत्म्यास शांती’ पाठवणं म्हणजे त्यांनी समजून-उमजून सोडलेली गोष्ट त्यांच्याच दारात नेऊन ठेवणं. त्यांच्या पत्रिकेवर ‘जलदान विधी’, ‘पुण्यानुमोदन’ असे शब्द छापलेले असतात, ते बघावेत. ‘भावपूर्ण आदरांजली’ पुरते. मुस्लिम शेजाऱ्यांकडे ‘रूह’, म्हणजे आत्मा, आहे, पण ती अल्लाहच्या हुकुमातली बाब, माणसाला तिचं ज्ञान थोडकंच दिलंय, असं कुराण म्हणतं. तिथे मागणं असतं ते ‘मगफिरत’चं, म्हणजे क्षमेचं. हिंदू घरी ‘शांती’ चालते. मला स्वतःला ‘सद्गती’ अधिक नेमका वाटतो, कारण पुढे प्रवास आहे असं मानलेलंच आहे.

जाता जाता: ‘त्याची आत्मा भटकते’ हे हिंदी मालिकांचं देणं. मराठीत आत्मा पुल्लिंगी. भटकायचंच असेल तर ‘त्याचा आत्मा’ भटकू द्या.