स्कॉटलंडमध्ये ८ ते १० वर्षांच्या कब स्काउट्सबरोबर सेंट अँड्र्यूज डे दीड तासात कसा साजरा करावा?

आधी स्कॉटलंडचा झेंडा (निळ्यावर पांढरी फुली) रंगवून घ्या, मग नाच. दीड तासात एवढंच नीट होतं. पांढऱ्या जाड कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मास्किंग टेपच्या दोन तिरक्या पट्ट्या चिकटवा, कडा नखाने दाबा, वरून निळा पोस्टर कलर द्या आणि रंग ओलसर असतानाच टेप काढा. रंगात पाणी जवळजवळ नकोच, नाहीतर तो टेपखाली झिरपून फुली फिसकटते. झेंडे वाळेपर्यंत ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ हा स्कॉटिश नाच घ्या: तिघांसमोर तिघे, त्यामुळे जोडीदारावरून कुरबुर नाही. सहाच्या पटीत मुलं नसतील तर लीडर्सनी भर घालावी. ३० नोव्हेंबर, म्हणजे सेंट अँड्र्यूज डे, हा बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) असला तरी बऱ्याच शाळा-कचेऱ्या चालू असतात, तेव्हा कार्यक्रम नेहमीच्या संध्याकाळीच ठेवा.