महिला कैद्यांसाठी आरोग्याचं सत्र घ्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही पहिल्यांदाच महिला तुरुंगात आरोग्यावर बोलायला जाताय, म्हणून अनुभवाचं सांगते. मी परिचारिका आहे, अशी सत्रं बरीच घेतली आहेत. पहिलं साफ फसलं होतं.

पाळीच्या स्वच्छतेबद्दल बाहेर सांगते तेच तिथे सांगितलं: दर चार ते सहा तासांनी पॅड बदला. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "ताई, महिन्याला आठच मिळतात. मग कसं बसवायचं?" ती खरंच हिशेब विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

आत पाणी, पॅड, डॉक्टरांची वेळ, काहीच बाईच्या हातात नसतं. त्यामुळे सत्राआधी प्रशासनाला भेटा आणि काय, किती मिळतं ते विचारून घ्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली मंजूर केलेले बँकॉक नियम, म्हणजे महिला कैद्यांना कसं वागवावं याचे नियम, वाचून जा. पाचव्या नियमात मोफत पॅड आहेत, सतराव्यात आजार टाळण्याचं शिक्षण, अठराव्यात स्तनाच्या आणि स्त्रियांच्या इतर कर्करोगांची तपासणी, तीही बाहेरच्या बायकांना मिळते तशीच. या नियमांना कायद्याची सक्ती नाही, तरी मागणी करताना आधार मिळतो. बायकांनाही हे सांगा. आपल्याला हे मागता येतं, हेच अनेकींना माहीत नसतं.

मग मागायचं कसं, त्याचा सराव घ्या. "पोटात दुखतं" एवढं बोलून बायका गप्प होतात आणि वेदनाशामक गोळी घेऊन परततात. मी दोघी-दोघींना समोरासमोर बसवते, एक डॉक्टर, एक रुग्ण. कधीपासून दुखतंय, शेवटची पाळी कधी आली, अंगावरून पांढरं जातं त्याला वास येतो का. आधी हसतात, मग मोकळ्या होतात. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा खोकला दोन आठवडे टिकला, तर थांबायचं नाही, हे मी दर वेळी सांगते.

पहारेकरी बाईंना दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबण्याची विनंती करा. सगळ्यांसमोर कुणालाही तिचा आजार विचारू नका, एचआयव्हीचा तर मुळीच नाही.

खरे प्रश्न तक्ते गुंडाळताना येतात. एकीनं माझा हात धरून सरळ स्वतःच्या छातीवर ठेवला. गाठ होती. कधीपासून, विचारलं तर म्हणाली, "आत आले त्याच्याही आधीपासून." शेवटची वीस मिनिटं अशा बोलण्यासाठी आधीच मागून घ्या.