गाड्या मोजल्या तरी कशा?

प्रश्न : एका तक्त्यात वाचलं की माणशी गाड्या नागपुरात पुण्यापेक्षा कमी, पण आमच्या नागपुरातल्या महाल भागात तर घरोघरी दोन-दोन गाड्या दिसतात, मग आकडा खरा मानायचा का?

उत्तर : लगेच नका मानू. असे तक्ते बरेचदा आरटीओच्या नोंदणीवरून बनतात आणि नोंदणी म्हणजे चालती गाडी नव्हे. आमच्या अंगणात एमएच ३१ ची जुनी स्कूटर उभी आहे, टायर मातीत रुतलेत, पण नोंद रद्द केलीच नाही म्हणून कागदावर ती चालूच. शिवाय नागपूर शहरातल्या गाड्यांचे नंबर एमएच ३१ आणि ४९ ने सुरू होतात, ग्रामीणचे ४० ने, यातलं काय धरलं आणि भागलं कोणत्या लोकसंख्येने, ते बघा ना. घरोघरी विचारलेलं मला जास्त पटतं, २०११ च्या जनगणनेत देशातल्या २१ टक्के घरांकडे दुचाकी होती, कार ५ टक्क्यांहून कमी घरांत.