समुद्री ड्रोन बनवायचाय, तर शिकायचं काय?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. मिस्टर मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. युक्रेनचे समुद्री ड्रोन पाहिल्यापासून मुलगा ‘मी हेच बनवणार’ म्हणतो. सहा महिन्यांचा ड्रोन कोर्स लावू का? – एक आई, रत्नागिरी

ताई, कोर्सचे पैसे इतक्यात भरू नका. असे बहुतेक कोर्स हवेतला ड्रोन उडवायला शिकवतात. तुमच्या मुलाचं मन पाण्यात आहे.

सप्टेंबर 2022 मध्ये रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियात, सेवास्तोपोलजवळ युक्रेनची एक बुटकी, बिनमाणसाची होडी किनाऱ्याला लागली. फोटो पाहून जाणकारांनी ओळखलं, की इंजिन वॉटर स्कूटरचं आहे. पुढच्याच महिन्यात अशा होड्यांनी सेवास्तोपोल बंदरावर हल्ला केला. 1 फेब्रुवारी 2024 रोजी जेमतेम साडेपाच मीटर लांबीच्या ‘मागुरा व्ही-5’ होड्यांनी ‘इव्हानोवेत्स’ ही रशियन युद्धनौका बुडवली. रशिया हेलिकॉप्टरमधून या होड्या टिपू लागला, तेव्हा युक्रेनने होडीवरच क्षेपणास्त्रं चढवली. त्यांनी 31 डिसेंबर 2024 ला हेलिकॉप्टर पाडल्याचं जाहीर केलं.

सव्वादोन वर्षांत होडी एवढी बदलली. मग सहा महिन्यांत शिकलेलं किती दिवस पुरेल? लाटेवर तळ कसा आपटतो, खाऱ्या पाण्यात इंजिन कसं टिकतं, सिग्नल जाम झाला तर होडीने वाट कशी काढायची, हे ज्याला कळतं तो पुढचं यंत्रही बनवतो.

म्हणून माझी पहिली पसंती नेव्हल आर्किटेक्चरला, म्हणजे जहाजं-होड्यांची रचना शिकवणाऱ्या इंजिनिअरिंगला. खरगपूर आणि मद्रास आयआयटीसाठी जेईई ॲडव्हान्स्ड लागते. कोचीच्या कुसाट या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पससाठी त्यांचीच आयएमयू-सीईटी. यातलं काहीच जमलं नाही तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं, पण रोबोटिक्सची टीम असलेलं कॉलेज शोधून. मुंबई आयआयटीच्या मुलांनी ‘मत्स्य’ हा पाण्याखालचा रोबोट अशाच टीममध्ये बनवलाय. कामही दूर नाही : 2024 मध्ये मुंबईहून थूथुकुडीला निघालेली ‘मातंगी’ ही स्वयंचलित होडी सागर डिफेन्स या आपल्याकडच्याच कंपनीची.

एक गोष्ट त्याच्याशी शांतपणे बोला. बुडणाऱ्या जहाजावर खलाशी असतात. हे काम करायचं तर ते त्याला ठाऊक हवं. ते नको वाटलं, तर समुद्रतळाची मोजणी आणि बुडणाऱ्यांचा शोध यांसाठीही अशाच होड्या लागतात, शिक्षण तेच.

परीक्षा संपली की त्याला रोज वडिलांसोबत मिरकरवाड्यात पाठवा. एक आउटबोर्ड इंजिन स्वतः खोलून, जोडून, पाण्यात चालवू दे. महिन्याभरानंतरही तो उत्साहाने जात असेल, तर मला पुन्हा लिहा. प्रवेशाचे फॉर्म आपण मिळून बघू.