आजोबांना मोडी येते हे कुणालाच माहीत नव्हतं

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात केअरटेकर आहे. आमच्याकडे नव्वदीला आलेले एक आजोबा आहेत, कुणाशी फारसं बोलत नाहीत. मागे एका ट्रस्टींनी स्वतःच्या जमिनीचे जुने मोडीतले कागद आणले होते, वाचणारा मिळेना म्हणून ते ऑफिसात टेबलावर तसेच पडले होते. आजोबा गोळ्या घ्यायला आले आणि उभ्या उभ्या खडाखडा वाचायलाच लागले! त्यांच्या फॉर्मवर छंदाच्या रकान्यात 'नाही' लिहिलंय. बाकीच्यांमध्येही असं काय काय दडलं असेल, ते कसं शोधायचं? आणि ट्रस्टी म्हणतायत स्नेहसंमेलनात टॅलेंट शो ठेवू, आजोबांना स्टेजवर वाचायला लावू. मला ते पटत नाहीये.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आधी त्या फॉर्मचं बोलू. या पिढीतल्या बहुतेकांना छंद असा वेगळा नव्हताच हो, जे होतं ते काम होतं. घरादाराच्या वाकळा शिवणाऱ्या बाईला ती कला आहे असं कुणी कधी म्हटलंच नाही, मग ती फॉर्मवर काय लिहिणार, आणि बऱ्याचदा तो फॉर्म मुलगा किंवा सून भरते, त्यांनाही माहीत नसतं. म्हणून प्रश्नच बदला. गावात तुम्हाला कशासाठी बोलवायला यायचे? पहिला पगार कशाचा मिळाला? लग्नघरी तुमच्याकडे कुठलं काम असायचं? यातून रुखवत करणाऱ्या, बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या, भजनात पखवाज धरणारे, दुकानाच्या पाट्या रंगवणारे असे सगळे निघतील बघा.

पण नुसतं विचारूनही भागत नाही, हातात वस्तू द्यावी लागते. दुपारच्या चहानंतर टेबलावर चिंध्या आणि सुईदोरा, रांगोळी, पाटी-पेन्सिल, निवडायला गहू, फोडायला शेंगा असं काहीबाही ठेवून द्या आणि कुणालाही बोलावू नका, फक्त कुणाचे हात कशाकडे जातात ते लांबून बघत बसा. ओव्यांचं तर हमखास असं होतं. खुर्चीत बसवून 'आजी, ओवी म्हणा' म्हटलं की येत नाही, हात चालू असले की येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रभरच्या हजारावर गावांतून एक लाखापेक्षा जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, आणि त्या गाणाऱ्या बहुतेक साध्या शेतात राबणाऱ्या बाया होत्या, गायिका म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्यांच्या वेबसाइटवर त्यातल्या बऱ्याच ऐकायला मिळतात, तुमच्याकडे मोबाइलवर लावून बघा, एखादी आजी नक्की म्हणेल की आमच्याकडे ही अशी नव्हती, आणि स्वतःची म्हणून दाखवेल.

डिमेन्शिया असलेल्यांना यातून वगळू नका. सकाळी काय खाल्लं ते विसरणाऱ्या माणसाच्या हाताला टाका बरेचदा आठवतो, लहानपणीचं गाणंही आठवतं, कारण त्या सवयीच्या आठवणी मेंदूच्या वेगळ्या भागांवर चालतात आणि आजारात त्या साधारण उशिरा जातात. फक्त 'आठवतंय का, ओळखा पाहू' असली परीक्षा घेऊ नका, त्याने माणूस घाबरतो. आणि एखाद्याला आता जमत नाही असं ठरवायच्या आधी चष्मा, मोतीबिंदू, कानातल्या मशीनची बॅटरी आणि खोलीतला उजेड एवढं तपासाच, निम्मी अडचण तिथेच असते. बोटं आखडली असतील तर काम बदलून बघा. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस यांना संधिवातामुळे भरतकाम जमेना तेव्हा त्यांनी सत्तरी उलटल्यावर ब्रश धरला, 1961 मध्ये 101 वर्षांच्या होऊन गेल्या तोवर त्यांची चित्रं जगभर पोचली होती. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात उमरियाच्या जोधय्या बाई बैगा सत्तरीच्या आसपास चित्र काढायला लागल्या आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार जाऊ द्या, त्या वयात नवीन काहीतरी शिकता येतं एवढंच मला सांगायचंय.

आता टॅलेंट शो. तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे. आजोबांना स्टेजवर उभं करून टाळ्या वाजवल्या की दुसऱ्या दिवशी ते परत एकटेच, त्यापेक्षा त्यांना काम द्या ना! 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी वाचणारे मिळेनात अशी ओरड गावोगाव होती, आणि असा माणूस तुमच्याकडे गप्प बसलाय. आठवड्यातून एक सकाळ ठरवा, आसपासच्या लोकांना जुने कागद घेऊन येऊ द्या, जवळच्या कॉलेजात इतिहास शिकणारी दोन पोरं त्यांच्याकडे शिकायला पाठवा. कुणी मानधन दिलं तर ते आजोबांच्या हातात गेलं पाहिजे, आश्रमाच्या पावतीपुस्तकात नाही. आणि हे सगळं करायच्या आधी त्यांना विचारा, ट्रस्टींना नाही, मुलांनाही नाही, त्यांना. नको म्हणाले तर विषय संपला, पुन्हा कधीतरी विचारा.

प्रश्न : आईच्या वृद्धाश्रमातून ग्रुपवर व्हिडिओ आला, आई अभंग गात होती आणि काय सुंदर गात होती! माझं पन्नाशीचं वय, मी तिला कधीच गाताना ऐकलं नव्हतं. आनंद झाला पण रडूही आलं. आता काय करू?

उत्तर : आमच्यापासून का लपवलंस असं मात्र विचारू नका. त्या काळी सासरी सुनेनं मोकळ्या आवाजात गाणं किती घरांत चालायचं? कुणाकडून शिकलीस ते विचारा, ते सांगायला तिला आवडेल. आश्रमात पेटी नसेल तर चांगली सेकंडहँड बघा. आणि व्हिडिओ पुढे पाठवायच्या आधी तिला दाखवा, पदर नीट नाही, दात लावले नव्हते असं काही तिला वाटू शकतं, तर मग तिच्या मनासारखा दुसरा काढा आणि तोच पाठवा.