तालुक्यातली कबड्डी स्पर्धा बाद पद्धतीनेच ठेवावी, साखळी करावी की अ-ब गट पाडावे?

अ-ब गट पाडू नका. वरचा-खालचा न करता 4-4 टीमचे चार सारखे गट करा, गटात साखळी, मग बाद फेरी.

तुम्ही लिहिलं की तुमच्या तालुक्यात 16 टीम येतात, आतापर्यंत दोन रात्रीत बाद पद्धतीने उरकत होतं, आता समितीतले काही जण म्हणून राहिले की वरच्या 8 अ गटात टाका, खालच्या 8 ब गटात, दरवर्षी 2 टीम वर चढतील अन 2 खाली उतरतील. आणि जुने लोक म्हणतात जसं आहे तसंच राहू द्या. मी यवतमाळ जिल्ह्यातला. हा सगळा तमाशा आमच्याकडे होऊन गेला आहे, आमच्या गावची टीम त्यातच संपली, म्हणून बाकीची कामं सोडून हे टाईप करून राहिलो.

कागदावर अ-ब लय चांगलं दिसते. बरोबरीच्या टीम बरोबरीच्यांशी खेळतील, एकतर्फी मॅच होणार नाहीत, खालच्याला वर यायची जिद्द राहील. मीटिंगमध्ये कोणी हे बोललं की सगळे माना हलवतात. पण पहिल्या वर्षी अ मध्ये कोण अन ब मध्ये कोण हे ठरवणार कसं? मागच्या वर्षीच्या निकालावर. आणि मागच्या वर्षी तर बाद पद्धत होती. म्हणजे ज्या पद्धतीत लॉटच्या चिठ्ठीवर अर्धा निकाल लागते त्याच निकालावरून तुम्ही गावांची लायकी ठरवणार.

आमच्याकडे काय झालं सांगतो. त्या वर्षी दोन गावांनी ऐन वेळी टीम आणली नाही, 14 राहिल्या. 14 म्हटलं की 2 बाय द्या लागतात, म्हणजे दोन टीम पहिली मॅच न खेळताच पुढं. चिठ्ठ्या काढल्या त्या आयोजकांनी, स्टेजवर, माईकवर बोलता बोलता, आणि एक बाय निघाला खुद्द आयोजक गावाला अन दुसरा ज्या गावातून पहिलं बक्षीस आलं होतं त्या गावाला. आता मी काही म्हणत नाही, चिठ्ठी आहे, निघू शकते. आमची मॅच लागली आदल्या वर्षीच्या विजेत्याशी. लागली संध्याकाळची, सुरू झाली मध्यरात्र उलटून गेल्यावर, कारण मधात पाहुणे आले, त्यांचे सत्कार झाले, शाल-श्रीफळ, मग प्रत्येकाचं दोन शब्द. आमचे पोट्टे दिवसभर कापूस वेचून आलेले, मैदानाच्या कडेला सतरंजीवर झोपलेले, त्यांना उठवून उतरवलं. तरीही दोनच गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटात आमचे तीनच पोट्टे उरले होते, सुपर टॅकल (तीन किंवा कमी उरलेले असताना चढाईवाल्याला धरलं की दोन गुण) झाली असती तर बरोबरी होती, कोपऱ्यातल्या पोट्ट्याने घोटा धरला पण होता, आणि पंचांनी सांगितलं की धरणाऱ्याचाच पाय आधीच लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्टीत, गेला होता. असो. ती टीम पुढे फायनल जिंकली, बाकी सगळ्यांना पंधरा-पंधरा गुणांनी हरवून.

दिवाळीनंतर मीटिंग झाली. पहिल्या फेरीत हरलेल्या 6 आणि न आलेल्या 2, झाले 8, हा ब गट. बाय मिळालेल्या दोन्ही टीम पुढच्याच मॅचमध्ये सपाटून हरल्या होत्या, म्हणजे अख्ख्या स्पर्धेत एकही मॅच न जिंकता त्या अ गटात. मी उभा राहून हेच विचारलं. तर अध्यक्ष म्हणे, "नियम सगळ्यांना सारखा आहे." त्यांच्या बाजूला माझा साळा बसला होता, तो एका मोठ्या गावच्या टीमचा कर्ता-धर्ता, तो खाली मान घालून मोबाईल पाहून राहिला.

मग काय, ब गटाच्या मॅच दुपारी 2 ला, उन्हात. लाईट नाही, माईक नाही, पब्लिक म्हणजे आमचेच राखीव खेळाडू. रात्री अ गट, त्याला एलईडी, समालोचक, वडापावचे ठेले. आमचा जो मेन रेडर होता, खरंच चांगला पोट्टा, रनिंग हँड टचमध्ये त्याला तोड नव्हती, त्याला अ गटातल्या टीमने उचललं. त्याचा मी राग धरत नाही, उजेडात खेळायला कोणाला नाही आवडत. पण मग दुसरा गेला, तिसरा चाकणला कंपनीत लागला, गावात उरलेल्यांतून सात पोट्टे जमेना. आता त्या मैदानावर तुराट्या रचून ठेवतात. ब गटातल्या आणखी दोन गावांचंही तेच झालं, म्हणून मग ब गटच बंद पडला आणि आता पुन्हा बाद पद्धत आहे, फक्त टीम कमी. अ-ब चा उपाय करून तुम्ही फिरून तिथंच येणार, मधल्या मधात चार गावं मरणार.

चढ-उतार कुठं चालते? जिथं टीमकडे पैसा आहे, खेळाडू टिकतात, खालचा गट पण पाहायला लोक येतात तिथं. आपल्याकडं एका टीममागं एक माणूस असते, त्याचीच सुमो, तोच जर्सीचे पैसे भरणारा. तो ब गटात गेला की पुढच्या वर्षी व्हॉलीबॉल भरवते.

आता बाद पद्धतवाले. माझ्या साळ्याशी यावरून दर दिवाळीत वाजते. बायको म्हणते फराळ होईपर्यंत तरी थांबा. त्याचं म्हणणं, "भाऊजी, हरला त्यानं घरी जा. कबड्डी काय लग्नाची पंगत आहे का, सगळ्याले बसवाले?" सगळे टाळ्या देतात. मग अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव निघते, 1936 मध्ये आपल्या विदर्भाच्या पोट्ट्यांनी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन तिथं आपले खेळ दाखवले, कबड्डी दाखवली, आपली परंपरा आहे वगैरे. मान्य, अभिमान मलाही आहे. पण बर्लिनला काही ते बाद फेरी खेळायला गेले नव्हते, प्रात्यक्षिक होतं ते, याचा अन आपल्या तालुक्याच्या लॉटचा संबंध काय?

आणि परंपराच काढायची तर नीट काढा ना. जुन्या काळी कबड्डी तीन प्रकारे खेळत. अमरमध्ये बाद झालेला मैदानाबाहेर जातच नव्हता, नुसता गुण मोजायचा. गामिनीमध्ये एकदा बाद तो बादच, पूर्ण टीम संपेपर्यंत बाहेर. आणि संजीवनीमध्ये समोरचा बाद झाला की आपला बाद झालेला एक उठते, म्हणजे मैदानात परत येते. पुढं नियम एकसारखे झाले तेव्हा कोणती पद्धत धरली? संजीवनी. आज मोठ्या स्पर्धांत तीच चालते. म्हणजे मैदानात मेलेला खेळाडू जिवंत करणारा हा खेळ, आणि स्पर्धा भरवताना मात्र 40 मिनिटांत टीम मारायची अन वर्षभर उठू द्यायची नाही. हे मी त्याला मागच्या वेळी बोललो तर म्हणे, "चहा घ्या."

हिशोब पाहा. 16 टीम, बाद पद्धत, एकूण 15 मॅच, त्यात 8 टीम एकच मॅच खेळून घरी. पूर्ण साखळी, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी मॅच, केली तर 120 मॅच, ते कोणाच्या बापाला जमणार नाही, त्यामुळे जो कोणी "सरळ लीग करा" म्हणते त्याला पहिले कॅल्क्युलेटर द्या. 4-4 चे चार गट केले तर गटात 6, म्हणजे 24 मॅच, वरच्या दोन-दोन पुढं, मग क्वार्टर, सेमी, फायनल मिळून 7. एकूण 31. प्रत्येक गाव कमीत कमी 3 मॅच खेळते. गटातल्या मॅच 20-20 ऐवजी 15-15 मिनिटांच्या ठेवा, मधात 5 मिनिटं, म्हणजे मैदान रिकामं-भरती धरून पाऊण तास. प्रत्येक गट त्यातल्याच एका गावात, दोन रविवार, दर रविवारी 3 मॅच, दुपारी 4 ला सुरू अन अंधार पडता पडता संपल्या. तीन मॅच अशा लावता येतात की एका दिवशी कोणालाच दोनपेक्षा जास्त खेळावं लागत नाही. तिसऱ्या रविवारी तालुक्याला बाद फेरी, तिथं काय लाईट लावायचे ते लावा, सत्कार करा, हार घाला, फक्त मॅचच्या मधात नको.

जिंकल्याला किती गुण यावर पण भांडण होईल. प्रो कबड्डीत बरीच वर्षं जिंकल्याला 5, बरोबरीला 3, आणि 7 किंवा कमी गुणांनी हरलं तर 1 असं चाललं. रग्बीच्या बऱ्याच स्पर्धांतही 7 किंवा कमी फरकाने हरणाऱ्याला असाच एक बोनस गुण देतात. हा एक गुण ठेवाच. त्यामुळे हरणारी टीम शेवटच्या पाच मिनिटांत मैदान सोडून देत नाही, लढते. बरोबरीत गटातल्या दोन टीम आल्या तर पहिले आपसातली मॅच पाहा, गुणफरक नंतर. नाहीतर एखाद्या नवख्या गावाला 60-12 करून फरक वाढवायचे धंदे होतात.

वेळेचं विसरू नका. दिवाळी ते संक्रांत ठेवाल तर वेचणी चालू, तुरीची सोंगणी, आणि हरभऱ्याला पाणी. कृषी पंपाची थ्री फेज ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात रात्रीच्या मॅचला तुम्हाला पाच पोट्टे कमी दिसतील, ते ओलित करत असतात. वीज खात्याचं वेळापत्रक पाहूनच तारखा टाका. आमच्याकडं हे कोणी पाहिलं नाही, आणि मग "ब गटाच्या टीम येतच नाहीत, त्यांना खेळायचंच नाही" असं स्टेजवरून बोलले. आमच्या साळेसाहेबाच्या घरी वीस एकर आहे, पाणी सालदार देते, त्याला काय माहीत.

भाड्याचे खेळाडू. एक खेळाडू एकच टीम, यादी पहिल्या मॅचच्या आधी जमा, आधारची झेरॉक्स लावून, नंतर बदल नाही. बाहेरगावचे दोन चालू द्या, कारण लहान गावात आता खरंच पोट्टे उरले नाहीत. दोनाच्या वर नाही. एका रात्रीसाठी शहरातून रेडर आणून फायनल मारायची अन सकाळी पैसे वाटून मोकळं व्हायचं, याला गावाची टीम म्हणू नका.

वजन गट करत असाल, 55 किलो, 65 किलो वगैरे, तर डॉक्टरकडचा नाहीतर शाळेचा डिजिटल काटा आणा. आमच्याकडं कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर पोट्टे तोलले होते. तो काटा कसा चालते ते कापूस विकणाऱ्या कोणालाही विचारा. 65 च्या गटात एक मिशीवाला उतरला होता, त्याला लग्नाची पोरगी असेल.

बक्षिसाचं. पत्रकावर 31,000, 21,000, 11,000 असं छापल्याशिवाय आपल्याला स्पर्धा वाटतच नाही. पहिलं थोडं कमी करा आणि प्रत्येक टीमला गटातल्या मॅचला येण्या-जाण्याचं डिझेल द्या. देणगी देणारा म्हणेल माझं नाव पहिल्या बक्षिसालाच पाहिजे, तर "प्रवास खर्च अमुक यांच्याकडून" असा मोठा बॅनर लावा, फोटोसकट. फोटो मोठा असला की तयार होतात, अनुभव आहे.

आता काही गोष्टी आधीच सांगायला पाहिजे होत्या. हे सगळं 12 ते 16 टीम धरून आहे, 8 च असतील तर दोन गट करा, प्रश्नच नाही. दुसरं, चार गावांत एकाच वेळी मॅच म्हणजे चार जागी पंच लागतात, एका मॅचला सरपंच (गावचा नाही, खेळातला मुख्य पंच) अन दोन पंच, वर गुणलेखक अन त्याचे मदतनीस. इथं माझ्या साळ्याचं म्हणणं खरं आहे, एवढे माहितगार लोक तालुक्यात नसतात. तर एका रविवारी दोनच गावं घ्या, साखळी चार रविवारांत संपेल, थोडं लांबेल पण चालेल. गटात जी टीम खेळत नाही तिच्या कर्णधाराला गुणलेखनाला बसवा, पण पंच मात्र त्या गटातल्या गावचा नको, कितीही देवमाणूस असला तरी.

मुलींच्या टीम असतील तर त्यांचं मैदान 12 बाय 8 चं, पुरुषांचं 13 बाय 10, म्हणून दोन वेळा आखा लागते. त्यांच्या मॅच आधी लावा म्हणजे नंतर फक्की बाहेर वाढवून मोठं करता येते.

मॅटच्या नादी लागू नका, निदान पहिल्या वर्षी. भाडं परवडत नाही आणि मातीवर खेळणाऱ्या पोट्ट्यांचे बूट कुठून आणता. जिल्हा संघटनेला पत्र देऊन ठेवा, त्यांचे पंच मिळाले तर मिळाले. आणि जुन्या लोकांना समितीतून काढू नका, त्यांना फायनलचा दिवस द्या पूर्ण, त्यांच्या मनासारखा, रात्रभर चालू द्या.