रहाटपाळण्यावरून घरीच शिकणाऱ्या लेकरांना खगोलशास्त्र कसं शिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: 10 आणि 13 वर्षांची दोन लेकरं घरीच शिकतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेत पाळण्यात बसून आल्यापासून "ग्रह असेच फिरतात का?" हेच त्यांचं चालू आहे. यावरून धडे कसे बसवावेत, असं त्यांच्या आईने विचारलंय.

ताई, ग्रह असे फिरत नाहीत. धडा नेमका तिथूनच सुरू करा. घोड्यांच्या चक्रीत आतला घोडा आणि कडेचा घोडा एकाच वेळात फेरी पुरी करतात, म्हणून कडेचा जास्त वेगाने पळतो. सूर्यमालेत बरोबर उलटं. बुध सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर धावतो, पृथ्वी 30 आणि गुरू फक्त 13. घोडे सगळे एकाच लोखंडी सांगाड्याला जखडलेले असतात. ग्रहांना मात्र सूर्य ओढतो, आणि अंतर वाढेल तशी ती ओढ कमी होत जाते. चक्रीवरून लेकरं हे चुकीचं चित्र मनात घेऊन जातात आणि मग ते मोठेपणीही निघत नाही, म्हणून आधी ते मोडा.

ते अंगणात मोडतं. मधोमध वीट ठेवा, तो सूर्य. दोरी आणि रांगोळीने दोन वर्तुळं काढा: पृथ्वीचं 2 मीटर त्रिज्येचं, मंगळाचं 3 मीटरचं. प्रत्येकावर सारख्या अंतरावर सहा खुणा करा. पृथ्वी झालेल्या लेकराने दर 5 सेकंदांना एक खूण गाठायची, मंगळाने साडेनऊ सेकंदांना. दोघांनीही घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालायचं. खुणा केल्या नाहीत तर दोघं शर्यत लावल्यासारखे बरोबरीने पळतात आणि प्रयोग फसतो. आता पृथ्वीने चालता चालता मंगळाकडे बोट रोखून ठेवायचं आणि त्याच्यामागे दूरचं कोणतं झाड येतं ते मोठ्याने सांगायचं. पृथ्वी मंगळाला मागे टाकते तेवढा वेळ बोट उलटं सरकतं. पंचांगात "मंगळ वक्री" म्हणतात ते हेच. मागे अंगणाची जवळची भिंत असेल तर हे नीट दिसत नाही. खूण लांबची हवी. जानेवारी ते मार्च 2027 मध्ये मंगळ सिंह राशीच्या भागात खरोखर असा मागे सरकताना दिसणार आहे. दर आठवड्याला वहीत त्याची जागा मांडायला आत्ताच सांगून ठेवा.

रहाटपाळण्याचं काम वेगळं: तो वजन म्हणजे काय ते शिकवतो. त्यासाठी आधी एक उपकरण घरी करा. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवायचा, मधल्या छिद्रातून दोरा ओवून त्याला जड नट बांधायचा. स्ट्रॉमधून पाळण्याचं टोक पाहत मागे मागे जा. दोरा 45 वर आला की थांबा. तिथून पाळण्याच्या बुडापर्यंतचं अंतर मोजा. तोच पाळण्याचा व्यास धरा. (लेकराच्या डोळ्यांची उंची आणि सगळ्यात खालच्या डब्याची उंची साधारण सारखी असते, त्यामुळे दोन्ही कटतात.) मग एखादा लाल डबा हेरून पाच फेऱ्यांचा वेळ घ्या आणि पाचने भागा. माणसं चढत-उतरत असताना पाळणा थांबत थांबत फिरतो, तेव्हाचा वेळ धरू नका.

समजा त्रिज्या 10 मीटर आली आणि एका फेरीला 20 सेकंद लागले. 40 गुणिले 10, भागिले 20 चा वर्ग: 1 आलं. हे पाळण्यात बसलेल्याचं मध्याकडचं त्वरण. (40 म्हणजे साधारण π, म्हणजे 3.14, चा वर्ग गुणिले चार.) गुरुत्वाचं 9.8, म्हणजे हा त्याचा दहावा भाग. आता चालकाला विचारून मोठ्या माणसाने 2 किलो ज्वारीची पिशवी आणि स्प्रिंगचा काटा घेऊन बसायचं, भंगारवाले वापरतात तसला. पिशवी डब्याच्या आतच, दोन गुडघ्यांच्या मध्ये लटकवायची. वर काटा 1.8 च्या आसपास दाखवेल, खाली 2.2. डिजिटल काटा नको. बरेच असे काटे एकदा आकडा स्थिरावला की तोच धरून ठेवतात. हात हलला की काटा नाचतो, म्हणून तीन फेऱ्यांचे आकडे घ्या.

मग 13 वर्षांच्या मुलाला हिशोब घाला: हाच पाळणा किती सेकंदांत फिरवला तर वर काटा शून्य दाखवेल? उत्तर सुमारे 6.4 सेकंद. इथे अंतराळ स्थानक आणा. ते 400 किलोमीटर वर आहे आणि तिथेही गुरुत्व जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असतं. तरी माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि माणूस दोघंही सोबतच पडत असतात. झुलत्या नावेत पोटात गोळा येतो तो याच पडण्याचा, फक्त क्षणभर टिकणारा.

कोनमापक फेकू नका. जत्रा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात, अमावास्येच्या जवळ असते, त्यामुळे संध्याकाळी चंद्र नसतो. दिव्यांपासून लांब जाऊन ध्रुवतारा पाहा. या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी वर आलेले नसतात, आणि तेच शोधत बसल्याने पुष्कळांना ध्रुव सापडत नाही. इंग्रजी एम-सारखा दिसणारा शर्मिष्ठा तारकासमूह धरा. ध्रुवाची उंची नांदेडला सुमारे 19 अंश येते, म्हणजे गावाचा अक्षांशच. लेकरू 71 सांगेल, कारण दोऱ्यावरचा आकडा 90 मधून वजा करायचा असतो. सूर्याकडे मात्र यातून कधीही पाहू देऊ नका.

दोन तासांनी पुन्हा बाहेर या. शर्मिष्ठा ध्रुवाभोवती 30 अंश फिरलेली असेल, ध्रुव पाळण्याच्या आसासारखा जागेवर. तेव्हा विचारा: पाळण्यात बसल्यावर जत्रा उलटी फिरताना दिसली होती ना, मग इथे फिरतंय कोण? आर्यभटाने इ.स. 499 मध्ये हेच नावेतल्या माणसाच्या दाखल्याने मांडलं होतं, पण ते लेकरांनी उत्तर दिल्यानंतर सांगा.